दोरतोड्याची लेक

तिकीट खिडकीतल्या मुलीने माझ्या मनगटावर हिरवा स्टिकर चिकटवला आणि म्हणाली, "आजींचं तिकीट निम्मं." मी म्हटलं, "आजींचं तिकीट लागायलाच नको. आजींनी या कारखान्यात नऊ वर्षं काम केलंय." ती गोड हसली, "अय्या, किती छान," म्हणाली आणि निम्म्या तिकिटाचे पैसे घेतले. माझी सकाळ तिथेच नासली.

तशी मी घरूनच चिडून निघाले होते. माझा स्वभाव तापट आहे हे मला कोणी सांगायला नको. नवऱ्याला ते पाठ आहे आणि लेक तर माझी नक्कल करून दाखवते. शाळेचे गणवेश शिवायचं माझं दुकान आहे. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात माझ्या दुकानात येऊन बघा, म्हणजे कळेल की तापट माणसाशिवाय तो धंदा होतच नाही.

त्या दुकानातच हे सगळं सुरू झालं. एका मुलीच्या कंबरेचं माप घेत होते. तिची आई नुकतीच फिरून आली होती. म्हणाली, "नदीकाठी तो जुना दोरखंडाचा कारखाना होता ना, तिथे आता इतिहास केंद्र केलंय. काय सुंदर पायवाटा काढल्यात. आणि हे बघा, तुमच्या माहेरचं आडनाव आहे ना हे?" तिने फोन पुढे केला. फोटोत एक काचेची पेटी, पेटीत तुटलेल्या दोराचा तुकडा आणि वर फलक. फलकावर लिहिलं होतं की या दोराने तीन जणांचा जीव घेतला, आणि चौकशीत असं सिद्ध झालं की दोर वळणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे तो कमजोर राहिला होता. त्यापुढे माझ्या बाबांचं पूर्ण नाव. आजोबांच्या नावासकट.

मी त्या बाईला फोन परत दिला. माप चुकीचं लिहिलं, तो फ्रॉक नंतर उसवावा लागला.

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. जिवंत होते तोवर त्यांना लोक दोरतोड्या म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर, आणि पुढे ते इतकं रुळलं की टपालवालासुद्धा दारात उभं राहून त्याच नावाने हाक मारायचा. मी दोरतोड्याची लेक. शाळेत दोरीच्या उड्या खेळताना मला कोणी टोक धरायला देत नसे. माझ्या लग्नात नवऱ्याच्या आत्याने भर मांडवात विचारलं होतं, "म्हणजे तो दोरवाला, त्याचीच का ही?" बाबा तेव्हाही नुसते हसले. त्यांच्या त्या हसण्याचा मला आयुष्यभर संताप आला. मारामारी करा, भांडा, निदान दार तरी आपटा. पण नाही. कारखान्यातून काढल्यावर त्यांनी जन्मभर गोण्या उचलल्या, पाठ वाकली, आणि कोणाला एका शब्दाने उलट बोलले नाहीत.

मी केंद्राला तीन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. दुसऱ्यालाही तेच आलं, फक्त तारीख बदलून. तिसऱ्या पत्रात मी जे लिहिलं ते इथे सांगत नाही, पण त्याला लगेच उत्तर आलं. कृपया प्रत्यक्ष भेटा, आणि काही पुरावा असल्यास सोबत आणा.

पुरावा म्हणून मी आईला घेऊन गेले.

आई यायला तयार नव्हती. आधी गुडघे दुखत होते, मग डोळ्यांचे थेंब चालू होते, मग शेजारणीकडे काहीतरी होतं. मी म्हटलं, "आई, तुला फक्त एवढंच सांगायचंय की बाबा हलगर्जी नव्हते. तू त्यांच्याबरोबर त्याच शेडमध्ये काम केलंस. तुझ्यापेक्षा मोठा साक्षीदार कोण?" ती म्हणाली, "मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" मी म्हटलं, "मला पडतो." त्यावर तिने थेंबांची बाटली पिशवीत टाकली आणि म्हणाली, "बरं माझे आई, चल."

तर अशा आम्ही दोघी, मी एक्कावन्न वर्षांची आणि ती अठ्ठ्याहत्तरची, मनगटावर हिरवे स्टिकर लावून आत शिरलो.

आत खरंच सुंदर होतं, त्यामुळे माझं डोकं आणखी फिरलं. बारीक खडी टाकलेली वाट, दोन्ही बाजूंनी गवताची फुलं, प्रत्येक वळणावर लाकडी पाटी. निसर्गवाट क्रमांक एक, नदीकाठ, सोपी, चाळीस मिनिटं. कारखान्याचा गाळ जिथे सोडायचे तिथे आता कमळांचं तळं होतं. फाटकापासून शेडपर्यंत जाणारी जी वाट आई पहाटे धावत पार करायची, तिच्यावर आता माणसं कॉफीचे कप घेऊन रमतगमत चालली होती. रमतगमत चालण्यात काही गैर नाही हे मला कळतं. पण त्या दिवशी मला सगळ्यांच्या हातातले कप काढून घ्यावेसे वाटत होते.

वाटेत एक प्लायवूडचा रंगवलेला कामगार उभा केला होता. चेहऱ्याच्या जागी गोल भोक, लोकांनी तोंड घालून फोटो काढावा म्हणून. आणि तो कामगार दोर खांद्यावर टाकून पुढे ओढत होता. पुढे! मी आईला म्हटलं, "बघ, यांना एवढंही माहीत नाही." दोर वळणारा माणूस पुढे कधी चालत नाही. कमरेला तागाचा जाड गुंडाळा बांधायचा, त्यातलं टोक चाकाला अडकवायचं, चाक फिरायला लागलं की बोटांनी ताग सोडत सोडत उलट्या पावलांनी मागे जायचं. चारशे पावलं उलटं चाललं की एक सूत तयार. मग पुन्हा चाकापाशी यायचं, पुन्हा उलटं. अशी शंभर-दीडशे सुतं एकत्र पिळली की दोर होतो. बाबा म्हणायचे, आम्ही रोज पाच-सहा कोस चालतो आणि कुठे चाललोय ते कधी बघत नाही. आई त्या लाकडी कामगाराकडे बघून म्हणाली, "चांगला जाडजूड आहे की. आम्ही कुठे होतो असे."

पुढे नदीकाठी एक बाक होता आणि पाटी होती, दृश्यस्थळ. तिथूनच पूर्वी नाव सुटायची. पूल नव्हता तेव्हा या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोर ताणलेला असायचा, आणि नावेतली माणसं त्या दोराला धरून नाव पलीकडे ओढत न्यायची. तो दोर आमच्याच कारखान्यातला. एका दिवशी पाणी चढलेलं असताना तो तुटला, नाव धारेला लागली आणि उलटली. सात माणसं होती, तीन बुडाली. मी तेव्हा सात वर्षांची होते. आता तिथे बसून एक जोडपं सँडविच खात होतं. मी आईला म्हटलं, "बस जरा, दमली असशील." ती म्हणाली, "इथे नको," आणि काठी टेकत पुढे गेली.

शेड तीच होती. छप्पर नवं, पण आतली लांबी तीच, एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसतो. भिंतीवर चाकं ओळीने लावली होती. केंद्रप्रमुख बाई दारातच आमची वाट बघत होत्या. तिशीच्या असतील. मी कोणीतरी टाय लावलेला, ढेरपोट्या मनुष्य असेल असं धरून भांडणाची तयारी केली होती. ही तर माझ्या लेकीपेक्षा थोडीच मोठी. तिने वाकून आईला नमस्कार केला. म्हणाली, "आजी, तुम्ही आलात, फार बरं वाटलं." मला ते अजिबात बरं वाटलं नाही. भांडायला आलेल्या माणसाशी कोणी इतकं चांगलं वागू नये.

"फलक दाखवा," मी म्हटलं.

तिने पेटीपाशी नेलं. मी फलक परत वाचला. फोटोत वाचणं वेगळं आणि तिथे उभं राहून, शेजारी कोणाचीतरी पोरं काचेला नाक लावून उभी असताना वाचणं वेगळं. माझा आवाज चढला. मी म्हटलं, "मेलेल्या माणसाचं नाव टांगताना तुम्ही त्याच्या घरच्यांना विचारलं होतं का? अख्खा कारखाना शेकडो माणसांनी चालवला, मालकाचं नाव फाटकावर सोनेरी अक्षरांत आहे, आणि कामगारांतलं एकच नाव सगळ्या केंद्रात लिहिलंय, तेही बदनाम करायला?" पोरांना त्यांच्या आईने ओढून नेलं. केंद्रप्रमुख म्हणाली, "ताई, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण चौकशीच्या कागदात तसं आहे. कागदाविरुद्ध काही असेल तर द्या, मी बदलते."

कागदाविरुद्ध काही. माझ्याकडे काय होतं? एक म्हातारी आई आणि चव्वेचाळीस वर्षांचा राग. मी काचेवर वाकले, नुसतं रडू लपवायला म्हणून वाकले, आणि तेव्हा मला तो दिसला.

दोराचं तुटलेलं टोक फुलासारखं पिंजारलं होतं. त्या पिंजारलेल्या तागात मधोमध एक बारीक धागा होता. पिवळा.

हा धागा म्हणजे काय ते सांगायला हवं. शेडमधल्या प्रत्येक चाकाचा एक रंग ठरलेला असायचा. त्या चाकावर वळलेल्या दोराच्या पोटात त्या रंगाचा एक दोरा घालायचा, खूण म्हणून. बाहेरून दिसत नाही. पण दोर कधी तुटला तर पोटातला दोरा बघायचा, म्हणजे कोणाच्या हातचा ते कळतं. बाबांच्या चाकाचा दोरा निळा होता. हे मला माझ्या नावासारखं माहीत आहे, कारण आमचं घर त्या निळ्या दोऱ्याने बांधलेलं होतं. माझ्या पाटीचा स्पंज निळ्या दोऱ्याने बांधलेला, बाबांच्या चष्म्याची काडी निळ्या दोऱ्याने गुंडाळलेली, उशांच्या खोळी निळ्या दोऱ्याने शिवलेल्या. कामावरून काढलं त्या दिवशी त्यांच्या खिशात निळ्याचं अख्खं रीळ होतं, ते आम्हाला दहा वर्षं पुरलं.

"हा पिवळा आहे," मी म्हटलं.

केंद्रप्रमुखही वाकली. "रंग उडाला असेल," ती म्हणाली.

"बाई, तीस वर्षं मी कपडे शिवते. रंग ओळखण्यावर माझं पोट आहे. निळा उडाला तर राखाडी होतो, पांढरट होतो. पिवळा कधी होत नाही. हा दोर माझ्या बाबांच्या चाकावरचा नाहीच." मी आईकडे वळले. "आई, ऐकलंस? पिवळा आहे. बाबांनी केलंच नव्हतं. दुसऱ्या कोणीतरी केलं आणि त्यांच्या गळ्यात मारलं. कोण होता तो? कोणत्या मेल्याचं चाक होतं पिवळं?"

आई काठीवर दोन्ही हात ठेवून दोराकडे बघत होती. मला वाटलं, धक्का बसला असेल.

केंद्रप्रमुख म्हणाली, "एक मिनिट थांबा," आणि आत जाऊन जुनी फाइल घेऊन आली. पानं उलटून एका ठिकाणी थांबली. "याचा उल्लेख आहे ताई. चौकशीत त्यांना हेच विचारलं होतं. त्यांनी जबाब दिलाय." तिने वाचलं, "त्या आठवड्यात माझा निळा दोरा संपला होता म्हणून मी शेजारच्या चाकावरचा पिवळा घेतला. दोर मीच वळला. चूक माझी आहे."

"खोटं आहे," मी म्हटलं. "संपेल कसा? अख्खं रीळ कायम खिशात असायचं त्यांच्या. आणि संपला तर कोठीतून नवं मिळायचं, शेजारचा कोणी कशाला घेईल? त्यांच्याकडून लिहून घेतलंय हे. शेजारच्या चाकावर कोण होतं ते लिहिलंय का?"

"ते नाही लिहिलेलं," ती म्हणाली.

"मी होते," आई म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, ती म्हणतेय की मी तिथे हजर होते, मी पाहिलं. मी म्हटलं, "मग सांग ना, कोणाचं होतं?"

"अगं, पिवळं चाक माझं होतं. दोर मी वळलेला आहे."

आईने कारखान्यातल्या कामाबद्दल घरात कधी काही सांगितलं नाही. अपघात झाला त्याच आठवड्यात तिने काम सोडलं, आणि मला वाटायचं, नवऱ्याचा अपमान सहन झाला नाही म्हणून सोडलं. तिच्या चाकाला रंग असेल, तो कोणता असेल, हे मी जन्मात कधी विचारलं नव्हतं.

ती बोलत होती ते माझ्याशी नाही, त्या केंद्रप्रमुख बाईशी. "बाळ, ते टोक आहे ना, तिथे दोर जरा बारीक दिसेल बघ. शेवटची तीस पावलं. माझ्या कमरेचा ताग तिथे संपायचा. संपला की थांबायचं, सूत तोडून टाकायचं, नवा गुंडाळा बांधून परत चाकापासून सुरुवात करायची, असा नियम. चारशेतली तीनशे सत्तर पावलं फुकट. मी तोडलं नाही. उरलेला ताग ओढून ओढून पातळ केला आणि टोकापर्यंत नेला. म्हटलं, आत जाणार आहे, कोण बघतंय. एका सुताने काही होत नाही. पण ताग दर वेळी तिथेच संपायचा. मग दर वेळी तिथेच पातळ. सगळी सुतं एकत्र आली तेव्हा सगळ्यांची पातळ टोकं एका जागी आली."

"आजी, तो दोर तिसऱ्या वर्षात होता," केंद्रप्रमुख हळू आवाजात म्हणाली. "फाइलमध्ये आहे. दर वर्षी बदलायचा नियम होता, कंपनीने बदलला नव्हता."

"मग हे फलकावर का नाही?" मी ओरडले. खरंच ओरडले. ती म्हणाली, "चूक झाली. असायला हवं होतं."

"कंपनीचं असेल ते असेल," आई म्हणाली. "पातळ मी केला."

मग मी आईवर उलटले. मला ते लपवायचं नाही. चारचौघांत, त्या लांबलचक शेडमध्ये, माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईवर मी इतकी ओरडले की पार दुसऱ्या टोकाची माणसं वळून बघायला लागली. मी म्हटलं, तू बघत राहिलीस. त्यांना लोक दारात येऊन दोरतोड्या म्हणत होते आणि तू आत भाकऱ्या थापत होतीस. त्यांनी गोण्या उचलल्या. ते गेले तेव्हासुद्धा लोक म्हणाले, दोरतोड्या गेला. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतंस. मला एकदा, एकदा तरी सांगायचं होतंस.

"ते म्हणाले, सांगू नकोस," आई म्हणाली. "म्हणाले, बाप्याला कुठेही काम मिळेल, तुला लोक नळावर उभं करणार नाहीत. पोरगी लहान आहे."

"आणि तू ऐकलंस."

"ऐकलं. मला सोयीचं होतं म्हणून ऐकलं."

मला वाटलं होतं, ती काहीतरी कारण देईल. मी तिला कारण द्यायला तयार होते. मी म्हटलं, "तू आजारी होतीस का तेव्हा? मी आजारी होते? घरी लवकर यायचं होतं?"

"नाही गं. कंटाळा आला होता. संध्याकाळ झाली की परत चारशे पावलं उलटं चालायचा कंटाळा यायचा. एवढंच."

एवढंच. तिने हे बाजारातून कोथिंबीर आणायची राहिली अशा आवाजात सांगितलं. मला वाटलं तिला तिथेच सोडून निघून जावं. बसमध्ये एकटी बसेल, घरी जाईल, जाऊ दे. मी दारापर्यंत गेलेही. बाहेर ऊन होतं, वाटेवर माणसं फुलांचे फोटो काढत होती. मला बाबांवरही चीड आली. निर्णय दोघांनी घेतला आणि नाव तिघांनी वागवलं, मला कोणी विचारलं नाही. मी पाच मिनिटं तिथे उभी राहिले असेन. मग परत आले, कारण मी एका कामासाठी आले होते आणि ते व्हायचं होतं.

केंद्रप्रमुख बाईने आईला खुर्ची दिली होती. मी विचारलं, "आता काय करायचं? फलक बदलायला काय लागतं?"

"दुरुस्तीचा अर्ज असतो," ती म्हणाली. "खरी हकीकत लिहायची आणि सांगणाऱ्याची सही. पण ताई, हे करायलाच हवं असं नाही. मी दोघांचीही नावं काढून टाकू शकते. नुसतं लिहीन, दोर जुना झाला होता."

मी आईकडे पाहिलं. खरं सांगते, मला तो मार्ग आवडला. बाबा सुटतील, आई वाचेल, आणि सगळा दोष कंपनीच्या डोक्यावर. अर्धा दोष खरोखर कंपनीचाच होता. मी हो म्हणणार होते.

"नाही," आई म्हणाली. "लिही. मला लिहिता येत नाही नीट, हात हलतो. तू लिही."

"मी नाही लिहिणार."

"तूच लिहायचंस. सगळीकडे पत्रं लिहीत फिरतेस ना, मग हेही लिही."

केंद्रप्रमुख बाईने अर्ज आणि पेन पुढे ठेवलं आणि बाजूला जाऊन उभी राहिली. मी लिहायला बसले. राग इतका होता की अक्षर एकदम ठळक आलं. आई सांगत होती तसं लिहिलं. दोर पिवळ्या चाकावर वळला. शेवटची तीस पावलं पातळ सोडली. नवऱ्याने खोटा जबाब दिला, तो माझ्यासाठी. दोर तिसऱ्या वर्षीही बदललेला नव्हता, तेही लिहिलं, ते मी माझ्या मनाने लिहिलं. मग वळणाऱ्याचं नाव या रकान्यात मी माझ्या हाताने माझ्या आईचं नाव लिहिलं. चव्वेचाळीस वर्षं ज्या माणसाला शोधून त्याचं तोंड फोडायची स्वप्नं पाहिली, त्याचं.

"वाच," आई म्हणाली.

मी वाचून दाखवलं. तीन व्यक्तींचा मृत्यू झाला, इथपर्यंत आले तेव्हा तिने काठी जमिनीवर आपटली.

"तीन व्यक्ती काय? नावं लिही त्यांची."

मी फलकाकडे पाहिलं. फलकावर फक्त 'तीन जण' असं होतं. माझ्या तिन्ही पत्रांतसुद्धा फक्त 'तीन जण' असंच होतं. मी केंद्रप्रमुख बाईकडे पाहिलं, तिने फाइल उघडली आणि मान हलवली. कागदात नावं नव्हती.

"मला कुठे माहीत आहेत?" मी म्हटलं.

"मला माहीत आहेत," आई म्हणाली, आणि सांगायला लागली. पहिली दूध घालायला पलीकडे जाणारी बाई. तिचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, तिला दोन मुलगे होते ते, धाकटा अजून अंगावर पीत होता ते. दुसरे शाळेचे मास्तर. त्यांचं पूर्ण नाव, आडनाव, ते कुठे भाड्याने राहायचे ते. मी लिहीत गेले. आई कुठेही अडखळत नव्हती. ही नावं तिने कितीदा म्हटली असतील कोणास ठाऊक, बाबा शेजारी झोपलेले असताना, मी शाळेतून रडत आले असताना, माझ्या लग्नाच्या मांडवात.

"तिसरी मास्तरांची मुलगी," ती म्हणाली आणि नाव सांगितलं. "वय सात."

मी पेन थांबवलं.

"तुझ्याच वर्गात होती," आई म्हणाली. "तुझ्या बाकावर बसायची. तुम्ही दोघी एका डब्यात जेवायचात. आठवत नाही तुला?"

मी आठवून पाहिलं. मला दोरतोड्याची म्हणणारी प्रत्येक पोरगी आठवली, कोण कुठे बसायची, कोणाच्या वेणीला कोणती रिबीन होती ते सगळं आठवलं. मास्तर आठवले, त्यांची छत्री आठवली. ही आठवली नाही.

"नाही," मी म्हटलं.

आईने ते नाव परत सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, मला नीट लिहून घेता यावं म्हणून.